तिसऱ्या अल्बमचा आवाज

गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी संध्याकाळी, मुलुंडच्या एका हॉलमध्ये सहावं गाणं चालू असताना आमचा बँड थांबला. त्यानंतर आम्ही एकत्र वाजवलेलं नाही.

आम्ही तिघं होतो. मी गिटार वाजवायचो, कॉलेजातली एक मैत्रीण गायची आणि वाकोल्याचा एक मित्र कॉम्प्युटरवर ठोके रचायचा. ठोके ड्रमचे नव्हते. त्याचे वडील एका गाळ्यात पत्र्याची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर कामाला होते. तिथल्या यंत्रांचे आवाज तो रेकॉर्ड करून आणायचा आणि त्यांवर आमचं मेटल संगीत उभं राहायचं. प्रेसपासून हातभर अंतरावर माईक धरून तो तासन्‌तास उभा असे. कानात बोळे घालत नसे. बोळे घातले तर माईकला काय मिळतंय ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. हे दहा वर्षं चाललं.

बँडमध्ये एक नियम होता. शेवटचं मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज जुळवून गाणं पक्कं करणं, तोच करणार, त्यात दुसऱ्याने हात घालायचा नाही.

तिसरा अल्बम आम्ही दिंडोशीला माझ्या घरी पहिल्यांदा ऐकला.

"अरे, कानात सुई टोचल्यासारखं होतंय," गायिका म्हणाली.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "तुला काय भावगीत पाहिजे होतं?"

"याची आई आत दार लावून बसलीय, यार," ती माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

मी हसलो आणि असंच ठेवू म्हणालो. अल्बम ऐकणाऱ्यांना आवडला. हा टोकदार आवाज आमची ओळख आहे, असं लोक म्हणू लागले आणि आम्हीही तेच सांगू लागलो. चौथ्या अल्बमची पहिली गाणी त्याहून टोकदार निघाली.

त्याच्या घरी सगळेच मोठ्याने बोलत, कारण प्रेसमुळे वडिलांना कमी ऐकू यायचं. मुलगाही ओरडून बोलतो, याचं तिथे कोणाला काही वाटलं नाही.

मुलुंडला सहाव्या गाण्यात स्पीकरमधून बारीक शिट्टी सुरू झाली. पुढच्या रांगेतल्यांनी कान झाकले. गायिका गाणं सोडून स्टेजवरून उतरली. तो मान हलवत ठोके देतच होता. मी जाऊन त्याचा हात धरला.

"काय रे, थांबलात का?" त्याने विचारलं. शिट्टी तेव्हाही वाजत होती.

पुढच्या आठवड्यात मी त्याला घाटकोपरला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही कानांना वरच्या पट्टीतलं जवळजवळ काही ऐकू येत नाही, हे बऱ्याच वर्षांपासूनचं असावं आणि परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. रिक्षात त्याने रिपोर्ट पुन्हा उघडला.

"म्हणजे तिसरा अल्बम..."

"हो," मी म्हणालो.

त्याला ऐकू येईपर्यंत तो वरच्या पट्टीतला आवाज वाढवत गेला होता. आम्हाला ऐकू येत होता आणि आम्ही त्याला शैली म्हणत होतो.

त्याच्या वडिलांनी रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "माका कोणी सांगूक नाय," ते म्हणाले. "तू तर शिकलेलो मा रे?"

चौथा अल्बम अंधेरीच्या एका स्टुडिओत दुसऱ्याकडून मिक्स करून घेऊ, असं गायिकेने सुचवलं.

"मग मी काय करायचं?" त्याने विचारलं. तो विषय तिथेच राहिला.

पावसाळ्यानंतर त्याला कानाचं यंत्र मिळालं. ते लावून त्याने माझ्यासमोर तिसरा अल्बम सुरू केला. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर बंद केला, यंत्र काढून डबीत ठेवलं आणि चहा मागितला. त्यानंतरच्या सोमवारी, बँडची गाणी जिथे जिथे ऐकायला ठेवली होती तिथून त्याने तिसरा अल्बम काढून टाकला.