नानांचा हात

दोंडाईच्याला आमच्या समाजाचा वधूवर मेळावा होता. नव्वदीची सुरुवात... आणि मी जळगावात पिंप्राळ्याहून सायकल मारत कॉम्प्युटर क्लासला जाणारी दीडशहाणी पोरगी.

तेव्हा नेट-बिट काही नव्हतं. चालणारा कोड दिसला की मी वहीत उतरवून घ्यायचे... सरांच्या फळ्यावरून, मैत्रिणीच्या वहीतून, जुन्या मासिकातून. कळला तर ठीक, नाही कळला तरी ठीक. चालतोय ना? बास!

माझे मामा, म्हणजे नाना, मेळाव्याच्या कमिटीत होते. यंदा सगळी स्थळं कॉम्प्युटरवर, असं त्यांनी अध्यक्ष आबांशी भांडून ठरवून घेतलं. "मनी भाची शे ना!" म्हणजे, माझी भाची आहे ना! क्लासच्या सरांकडून मशीन मागून आणलं, गोधडीत गुंडाळून, टेम्पोत मांडीवर धरून.

मी आणि मामीने सगळे फॉर्म त्यात भरले. शिक्षण आणि गाव टाकलं की जुळणारी स्थळं दाखवायची, एवढा प्रोग्रॅम राहिला होता. तो मी वहीतले तुकडे जोडून केला. पहिल्या दोन ओळी तर पाठच होत्या, क्लासमध्ये रोज त्यांनीच सुरुवात व्हायची. तपासून बघणार तेवढ्यात लाईट गेली... ती मेळाव्यात जनरेटर लागेपर्यंत आलीच नाही.

स्टेजवर मशीन. मांडवभर माना उंचावलेल्या. मी एंटर दाबलं.

शून्य स्थळं.

परत दाबलं. शून्य! आणि तेव्हा कुठे त्या दोन ओळींचा अर्थ डोक्यात शिरला... क्लासमध्ये एकाच मशीनवर सगळ्या बॅचेस बसायच्या, म्हणून आधीचा कचरा काढायला लिहिलेल्या त्या ओळी. भरलेली सगळी माहिती पुसून टाक, आणि 'नक्की का?' असं विचारूही नकोस! नकलेला अक्कल नसते म्हणतात, ते उगाच नाही.

"नाना, माझ्याकडून सगळं पुसलं गेलं," मी कशीबशी पुटपुटले. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि माईक हातात घेतला.

"मंडळी, मना हात लागी गया अन् बठ्ठं पुसाई गयं."

आबा भडकले. "तुले काय गरज व्हती रे हात लावानी?" मांडव खो-खो हसायला लागला. मला ते बघवेना. मी माईक ओढला आणि रडत सांगितलं, चूक माझी आहे, नानांनी मशीनला बोटही लावलेलं नाही.

आबांनी डोळे पुसले. "दखा, मामाकरता आळ सोतावर घेस! पोर असावी तर अशी!"

टाळ्या! अहो, टाळ्या पडल्या मला! मी "नाही हो, खरंच" म्हणत राहिले, तशा त्या वाढतच गेल्या. शेवटी कागदाचे फॉर्म माईकवर वाचून मेळावा पार पडला. जाता जाता मलाच दोन स्थळं सांगून आली. लाजेने जीव नकोसा झाला होता.

पुढे कितीतरी वर्षं, कुठल्याही लग्नात टेप लावायचा असो की मिक्सर, कुणीतरी ओरडायचंच... "नाना, तू हात नको लावू!" आणि नाना हसत दोन्ही हात मागे घ्यायचे.

मी तिथेच असायचे. दर वेळी सांगायचे. दर वेळी लोक म्हणायचे, किती गुणाची भाची!

नाना आता नाहीत. म्हणून आज इथे लिहितेय, निदान इथे तरी कुणी टाळ्या वाजवू नका... त्या मशीनला नानांचा हात लागलाच नव्हता हो.