होडीसाठी गाडी

सिस्टर गाडीखाली हात घालायच्या, मागच्या चाकाच्या आत बोट फिरवायच्या आणि ते बोट सरळ जिभेला लावायच्या. मग उठून पुढच्या चाकाशी जायच्या, दुसरं बोट पुढे करायच्या आणि पुन्हा तेच. गाडी विकणारा माझ्याकडे बघायचा. मी दुसरीकडे बघायचो.

वॉर्डात हीच बाई, हात न धुता कुणी पेशंटच्या पलंगाला टेकलं तरी अंगावर धावून जायची. नवे डॉक्टर त्यांना लांबून पाहिलं की आधी साबणाकडे वळत. आणि शनिवारी परक्याच्या अंगणात जुन्या गाडीचा चिखल चाखत बसायची. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांचं आठवड्यातलं एक वागणं दुसऱ्याला ओळखही दाखवत नाही. मी तर असं माणूस माझ्या शेजारच्या सीटवर बसवून जवळजवळ पाच महिने फिरवलं.

त्या निवृत्त होऊन समुद्राकाठी राहायला गेल्या त्याला दोन वर्षं झाली. माझे शनिवार मला परत मिळाले. त्यांचं काय करायचं ते अजून नीट कळलेलं नाही.

आमचं हॉस्पिटल लंडनच्या पश्चिमेला, स्लाऊजवळचं. मी तळघरात बसून सलाइनचे पंप दुरुस्त करायचो. एका शुक्रवारी त्या पंप काखेत मारून खाली आल्या.

"अरे, शनिवारी काय करतोस?"

"झोपतो."

"म्हणजे मोकळाच आहेस. माझ्याबरोबर गाडी बघायला चल."

"सिस्टर, मला गाड्यांतलं काही कळत नाही."

"पंप दुरुस्त करतोस ना? गाडी म्हणजे काय, मोठा पंपच."

माझं लग्न मोडून दोन वर्षं झाली होती आणि घरी कुणी वाट बघत नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे सबब सांगायची सोय नव्हती.

हॉस्पिटलातून निवृत्त होणाऱ्या एका पोर्टरकडून त्यांनी चौदा फुटांची फायबरची होडी घेतली होती. मागे छोटं इंजिन, खाली ट्रेलर. त्याने ती त्यांच्या दारात आणून सोडली आणि तो सुटला. सिस्टरांची स्वतःची गाडी एवढीशी. तिने काहीही ओढू नये असं तिच्या पुस्तकातच लिहिलेलं. पोर्टर म्हणाला होता, सगळं मिळून चारशे किलो. ती आणताना वाटेत भंगारवाल्याच्या काट्यावर सिस्टरांनी ट्रेलर उभा करायला लावला, तर भरलं सहाशेच्या वर. ताडपत्री उचलून बघतात तो आत टबभर पावसाचं पाणी.

"विकणाऱ्याचा शब्द आणि पावसाचं पाणी, दोन्ही काढून मग वजन धरायचं," त्या मला म्हणाल्या. पाणी काढल्यावर पाचशे भरलं.

तर गाडी हवी होती ती अशी: तीन हजार पौंडांच्या आत, मागे ट्रेलर अडकवायचा टोबार आधीच बसवलेला, मागून पाचशे किलोंनी हेलकावा दिला तरी डगमगणार नाही इतकी जड. शिवाय चढायला बुटकी. ही शेवटची अट त्यांनी का घातली ते मी सुरुवातीला विचारलं नाही. मला फक्त शनिवार संपवायचा असायचा.

लंडनच्या पार दुसऱ्या टोकाला, इल्फर्डला एक उंच, चकचकीत गाडी बघायला गेलो. विकणारा गोड बोलणारा गृहस्थ होता. "आंटीजी, एकदम मक्खन चलती है," म्हणाला. मलाही पसंत पडली. इतक्या लांब आलो होतो, मला कुठलीही पसंत पडली असती.

सिस्टरांनी पिशवीतून सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा काढला, जमिनीवर अंथरला आणि आडव्या झाल्या. हातात पेशंटच्या डोळ्यांत मारायची छोटी बॅटरी. "वरून काय, सगळ्याच ताज्या दिसतात," खालून आवाज आला. हे त्यांचं प्रत्येक गाडीपाशी म्हणायचं वाक्य. मग बोट, मग जीभ.

"खारट आहे."

"अहो सिस्टर, इथे थंडीत रस्त्यांवर मीठच टाकतात. सगळ्याच गाड्या खारट असणार."

"रस्त्याचं मीठ पुढच्या चाकालाही लागतं. ही फक्त मागून खारट आहे. हिला कुणीतरी होडी सोडायला मागे घेत घेत समुद्रात घातली आहे."

तो गृहस्थ शपथेवर सांगू लागला की गाडीने समुद्र पाहिलेलाच नाही. मी फोनवर तिच्या जुन्या वार्षिक तपासण्या उघडल्या. ओळीने तीन वर्षं एकच शेरा होता: मागचा सांगाडा गंजतो आहे, लक्ष ठेवा. सिस्टरांनी पुठ्ठ्याची घडी केली, हाताला जेल चोळलं, चूळ भरली आणि गाडीत येऊन बसल्या.

परत येताना नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर अडकलो. पुढे ब्रेकचे लाल दिवे, मागे हॉर्न. मी वैतागून म्हणालो, "एवढी होडीची हौस होती तर किनाऱ्यावरच नोकरी धरायचीत."

त्यांनी सांगितलं. घर अलिबागच्या बाजूचं, कोळ्याचं. बापाची स्वतःची होडी होती. घरातल्या बायका मासे निवडायच्या, विकायच्या, सुकवायच्या, पण बाईने होडीत पाय ठेवायचा नाही हा आजोबांपासूनचा नियम. नऊ वर्षांची असताना ही एकदा चढून बसली. बापाने काखेत धरून उचलली, वाळूवर ठेवली. ओरडला नाही, मारलं नाही. फक्त होडी आतून धुऊन काढली आणि नारळ फोडला.

"मारलं असतं तर विसरले असते रे," त्या म्हणाल्या. "धुतली ना, ते राहिलं."

मग म्हणाल्या, "जुलैमध्ये बाबा येताहेत. सहा आठवडे. पंचाऐंशीला टेकलेत, पुन्हा काही येणं व्हायचं नाही. त्यांना माझ्या होडीत बसवायचं आहे. सुकाणू मी धरणार."

बुटकी गाडी कशासाठी ते मला तेव्हा कळलं. म्हाताऱ्याचे गुडघे.

हे ऐकून मी सुधारलो असेन असं तुम्हाला वाटलं असेल, तर तसं झालं नाही. वेम्बलीला पाहिली, तिचा क्लच चढावर जळका वास सोडायचा. ओढून ओढून थकलेला. स्लाऊच्या कारखान्यांच्या वसाहतीत पाहिली, तिचा टोबार नुसता सायकली टांगायला लावलेला, ट्रेलरच्या दिव्यांची वायरच नाही. ती चौदावी असावी. मी आठवडाभर कमी माणसांत काम ओढलं होतं, पाऊस बाजूने येत होता आणि सिस्टर पुठ्ठा अंथरत होत्या.

"सिस्टर, घ्या ना कुठलीतरी एकदाची!" मी ओरडलो. "म्हातारा माणूस येणार, तासभर बसणार आणि जाणार. त्याला काय कळणार आहे?"

त्या खालून बाहेर आल्या. पुठ्ठा झटकला. "चल, तुला घरी जायचं असेल," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी झोपायचं ठरवून पडलो आणि सात वाजताच छताकडे बघत बसलो. तिसऱ्या शनिवारी उठून त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण दारात पोचलो तर सिस्टर होडीत बसलेल्या. ट्रेलरवर, अंगणात, नोकरीच्या निळ्या कपड्यांत, मांडीवर डबा.

"काय करताय?"

"बाबांना कुठे बसवू ते बघते आहे. पुढे बसवले तर पाणी उडेल. मध्ये बसवले तर मला दिसायचं नाही पुढचं." मग डबा पुढे केला. "भाकरी आहे. वर ये."

मला माझीच लाज वाटली. वर चढलो, भाकरी खाल्ली. माफीबिफी मागायची राहूनच गेली, आणि त्यांनीही विचारली नाही.

गाडी शेवटी रेडिंगच्या पलीकडे मिळाली. जुनी, लांबलचक, बसकी, मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली इस्टेट गाडी. एका म्हाताऱ्या जोडप्याची. वर्षातून दोनदा कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, ओढून सुट्टीला शेतात न्यायचे, आता दोघांनाही ते झेपेना. सिस्टरांनी पुढे चाखली, मागे चाखली. "सारखीच," म्हणाल्या. चढावर थांबवून पुन्हा उचलली, वास घेतला. मी शेवटची शंका काढली: गाडी जुनी, डिझेलची आहे, लंडनच्या हद्दीत शिरली की धुराबद्दल रोजचा दंड बसेल, छोटी विकल्यावर वेम्बलीला भाजी-मसाल्याला कसं जाणार?

"ट्रेनने जाईन," त्या म्हणाल्या. "होडी ट्रेनने जाते का?"

त्यानंतरचे शनिवार रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रेलर मागे घ्यायला शिकण्यात गेले. चाक उजवीकडे वळवलं की ट्रेलर डावीकडे जातो. सिस्टर घामाघूम व्हायच्या, गाडी उभी करून पाच मिनिटं नुसत्या बसायच्या, पुन्हा सुरू करायच्या. मी बाहेर उभा राहून हात हलवायचो. एव्हाना कंटाळा यायचाही कंटाळा आला होता.

बाबा आले. बारीक, वाकलेले, कानटोपी घातलेले. लेकीशी ते फार बोलत नसत. तिच्या घरातल्या वस्तूंकडे बघत बसत. एका ढगाळ रविवारी आम्ही निघालो. सिस्टर गाडी चालवत होत्या, शेजारी बाबा, मागे मी. दक्षिण किनाऱ्यावर एका खाडीत उतार होता, सिमेंटचा, होड्या पाण्यात सोडायचा. सिस्टरांनी भरतीची वेळ आठवडाभर आधी काढून ठेवली होती. बाबांनी पाण्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "अजून अर्धा तास थांब." थांबलो. पाणी खरंच अजून चढलं.

मग सिस्टरांनी ट्रेलर मागे घेतला, एका दमात, सरळ. मला इतका आनंद झाला की मी एकटाच टाळ्या वाजवल्या. होडी तरंगली. बाबांनी एका दोरीची गाठ सोडून पुन्हा आपल्या पद्धतीने बांधली.

सिस्टरांनी अंगात लाल लाइफ जॅकेट चढवलं आणि दुसरं बाबांपुढे धरलं. "बाबा, चला."

त्यांनी ते घेतलं नाही.

"तू जा," म्हणाले.

सिस्टरांचा चेहरा मी पाहिला. नऊ वर्षांच्या मुलीचा असेल तसा झाला. "अजून तेच का, बाबा? अजून बाईची होडी चालत नाही?"

"तसं नाय." म्हातारा म्हणाला. "होडीत वडील माणूस बसला की तोच तांडेल, होडी त्याच्याच हुकमाची. मी साठ वर्षं तांडेलकी केली. बसलो की हात गप बसायचा नाय माझा. सुकाणूवर जाईल. मग होडी तुझी राहणार नाय."

"पण मी तुमच्यासाठी घेतली."

"माझ्यासाठी कशाला? मला माझी होती."

इतक्या शनिवारांत हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मला सिस्टरांचं वाईट वाटलं, त्या माणसाचा रागही आला, आणि तो बरोबर बोलतो आहे हे कळून रडूही आलं.  सिस्टरांनी ते जॅकेट माझ्याकडे दिलं, एका हाताने काठ धरला आणि होडीत पाय ठेवला. मी ढकललं. इंजिन तिसऱ्या ओढीला सुरू झालं. त्या एकदाही मागे वळल्या नाहीत. खाडीच्या तोंडाकडे गेल्या आणि वळणामागे दिसेनाशा झाल्या.

मी गाडीत येऊन हीटर लावला. बाबांना हाक मारली, ते आले नाहीत. जरा डोळे मिटावेत म्हटलं तर झोपच लागली, पाच महिन्यांची साचलेली.

जाग आली तेव्हा पाणी पुष्कळ उतरलं होतं. सिमेंटचा ओला, शेवाळलेला उतार उघडा पडला होता. बाबा जिथे सोडले तिथे नव्हते. घाबरून बाहेर आलो तर ते खाली होते. पाणी मागे हटत गेलं तसे तेही एकेक पाऊल उतरत गेले होते, आणि पाण्याच्या अगदी काठाशी, वळणाकडे तोंड करून उभे होते. बूट भिजले होते. 

मी थर्मासमधला चहा घेऊन घसरत घसरत त्यांच्यापर्यंत गेलो.

"बाबा, गाडीत बसा ना. किती वेळ उभे आहात?"

त्यांनी चहा घेतला, पण नजर काढली नाही.

"ती येऊ दे," म्हणाले. "मग बसतो."