समेवरचा चकवा

वहिनी पुन्हा त्याच जागी थांबल्या. कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि काचेपलीकडं मान खाली घालून बसल्या. मी टॉकबॅकचं बटण दाबलं. टॉकबॅक म्हणजे काचेच्या अलीकडून आतल्या माणसाशी बोलायचा माइक.

"काय झालं वहिनी? पाणी पाठवू का?"

"पाणी नको, भाऊजी. समेवर आलं की कोणी अंगावर खेकसल्यावानी होऊन राहिलं."

माझ्या शेजारी त्यांचा पोरगा अनिकेत डोकं धरून बसला होता. काळा टी-शर्ट, त्यावर ही एवढी कवटी, आणि डोळ्यांत पाणी. कवटीला ते शोभत नव्हतं.

वसमतला हळदीच्या गोदामाच्या वर माझा स्टुडिओ आहे. कॅसेटच्या जमान्यापासून. भजनं, भारुडं, निवडणुकीत रिक्षावर वाजवायची गाणी, म्हणाल ते रेकॉर्ड केलं. पण हेवी मेटल? अनिकेत पहिल्यांदा आला आणि म्हणाला, "काका, भुताचा कॉन्सेप्ट अल्बम करायचाय." मी सरळ विचारलं, "लेकरा, तुला बरं हाय ना?"

मग त्यानं समजावलं. कॉन्सेप्ट अल्बम म्हणजे सगळ्या गाण्यांत मिळून एकच गोष्ट. मी म्हणालो, कीर्तनातलं आख्यान म्हण की मग! गोष्ट आमच्याकडचीच होती. एक माणूस जवळा बाजारचा आठवडी बाजार करून घराकडं निघतो आणि त्याला चकवा लागतो. कितीही चालला तरी फिरून त्याच लिंबाखाली. त्या माणसाची भीती मेटलमध्ये, म्हणजे गिटार, ड्रम आणि अनिकेतचं पोटातून काढलेलं घरघरणं. चकव्याचा आवाज मात्र बाईचा, शास्त्रीय, मारवा रागातला. मारव्यात षड्जावर, म्हणजे घरच्या सुरावर, फार टेकत नाहीत. ऐकणाऱ्याला घरी पोचलो असं वाटतच नाही. पोराची ही अक्कल बघून मी गार पडलो.

तो आवाज आईचाच पाहिजे, हे त्याचं ठरलेलं. आणि आईनं तर दत्तूमास्तर गेल्यापासून गाणंच सोडलेलं.

दत्तूमास्तर म्हणजे वहिनींचे मालक. तबलजी, आणि माझे जिवलग. त्या दोघांच्या भजनांची कॅसेट मीच काढली होती. औंढ्याला देवळाबाहेरच्या दुकानांत दिवसभर वाजायची. काय दिवस होते! एक माइक, एक सतरंजी. रंगात आलं की खाली धप्पकन हळदीचं पोतं पडायचं, आम्ही खो खो हसायचो, मग पुन्हा पहिल्यापासून. चहा आला की मास्तर आधी तबल्यावर रुमाल टाकायचे, लेकराला पांघरूण घातल्यावानी. 

तर बाकीचं काम झालं होतं. मेटलवाले आधी ड्रम रेकॉर्ड करतात, त्यावर गिटार चढवतात आणि शेवटी गाणारा एकटा आत बसून, हेडफोन लावून गातो. वहिनींनाही मी तसंच बसवलं. हे अल्बममधलं शेवटचं गाणं रूपक तालातलं, सात मात्रांचं. त्यातली पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारा फिरून फिरून तिथं येतो. वहिनी मात्र तिथंच अडकत होत्या.

त्या बाहेर आल्या. "ऱ्हाऊ द्या भाऊजी. मलाच बघायचं होतं, गळा ऱ्हायलाय का. न्हाई ऱ्हायला. तानपुरा शाळेला देऊन टाकते."

"आई, काहून असं बोलून राहिली? तू न्हाई तर अल्बमच न्हाई."

"मग दुसरी बाई बघ. गाणाऱ्या बाया संपल्या का वसमतात?"

मी चिडलो. "तानपुरा देणार असाल तर माझा स्टुडिओ बी देऊन टाका शाळेला!" वाटलं हसतील. हसल्या नाहीत.

ड्रमर बळी भिंतीला टेकून चहा पीत होता. औंढ्याकडच्या तांड्यावरचा, इंजिनिअर झालेला, बोलणं तोलून मापून. तो म्हणाला, "काकू, समेवर काका काय वाजवायचे?"

"रूपकात समेवर डग्गा नसतो, बाळा. तबल्यावर नुसतं 'तीं'. डावा हात वर धरायचे अन् माझ्याकडं बघायचे. त्यांनी बघितलं की मी यायची."

बळीनं कप खाली ठेवला. "अन् मी तर तिथंच सगळ्यात जोरात हाणलंय."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मेटलमध्ये पहिल्या मात्रेवर किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, छाती हादरवतो. रूपकात तीच जागा हलकी. जाणकार तिला 'खाली' म्हणतात. शिवाय वहिनी आत एकट्या. समेवर मान वर केली तर समोर काय, तर काचेतून माझं टक्कल!

"सगळे एकत्र बसून घेऊ," मी म्हणालो. "जुन्या पद्धतीनं."

वर तेवढी जागा नव्हती. हंगाम संपल्यामुळं खालचं गोदाम रिकामं होतं. गोदामाच्या शेठला विचारलं. तो म्हणाला, "घ्या खुशाल. पण जाताना तुमचं भूत घेऊन जा." ड्रम खाली मांडला, जिन्यावरून वायरी सोडल्या. वहिनींना सतरंजीवर बसवलं, बळीच्या बरोबर समोर. हळदीचा वास, वर पत्रे, आवाज असा घुमायचा की मशीनवर घुमारा चढवायची गरजच नाही.

अनिकेतनं पहिली घरघर काढली तसा एक हमाल पळत दारात आला. "कोणाला झटका आला?"

"न्हाई हो, गाणं हाय."

"ह्याला गाणं म्हणून राहिले?" म्हणाला, आणि तिथंच उकिडवा बसला.

मग वहिनींची जागा आली. "दिवा दिसे, घर ना दिसे..." आवाज कापत होता. गिटार चढत गेली, ड्रम चढत गेला. सम आली तसा बळीनं पॅडलवरचा पाय उचलला, दोन्ही हात वर धरले आणि वहिनींकडं बघितलं. अनिकेतनं गिटारच्या तारांवर पंजा दाबला. सगळं गप्प. त्या गप्पपणात वहिनी समेवर आल्या.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एवढा सगळा गदारोळ ऐकून भीती वाटली नव्हती, ती त्या रिकाम्या मात्रेला वाटली. आणि रडू आलं तेही तिथंच. हमाल हलला नाही.

गाणं संपलं. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. "अगं बाई, आले की मी!" आणि लगेच म्हणाल्या, "आणखी एकदा घ्या, भाऊजी. मारवा हाय, उरकून चालत न्हाई."

पुढं फाइल पुण्याला मास्टरिंगला गेली. मास्टरिंग म्हणजे आवाजावरून फिरवायचा शेवटचा हात. तिथल्या पोराचा फोन आला. "काका, शेवटच्या गाण्याची फाइल खराब आली आहे. बाई समेवर आल्या की मागचं वाजणंच गायब होतं. मी दुसरीकडचा ड्रम उचलून भरू का तिथं?"

"हात लावू नको. आमचा तबलजी हाय तिथं."

"पण काका, कोणीच वाजवत नाहीये."

"तो तिथं वाजवत नसतोच. बघत असतो."

पोरगं शहाणं, फाइल आहे तशी ठेवली. अल्बम निघाला, तानपुरा घरातच राहिला. आता कोणी रेकॉर्डिंगला आलं की माइक कुठं लावायचा ते मी नंतर बघतो. आधी विचारतो, कोणाला कोणासमोर बसायचंय.