सगळं एकदाच सांगा

सणसवाडीतल्या एका कंपनीत मी प्रोग्राम लिहिते. सुटे भाग पुरवणारे लोक आम्हाला मालाची फाईल पाठवतात आणि आमचा प्रोग्राम ती तपासतो. पूर्वी पहिली चूक सापडली की तो तिथंच थांबायचा. समोरच्यानं ती दुरुस्त करून पाठवली की दुसरी दाखवायचा, मग तिसरी. माणसं रडकुंडीला यायची. मी तो बदलला. आता तो फाईल शेवटपर्यंत वाचतो, सापडतील तेवढ्या चुका गोळा करतो आणि सगळ्या एकदम समोर ठेवतो. त्या कामावर माझा फार जीव होता.

त्याच सुमाराला दौंडचं स्थळ आलं. मुलगा मला आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. घरची बागायती, स्वतः इंजिनिअर, बोलायला मोकळा. पण आमच्याकडं मुलाकडचे थेट मुलीच्या बापाशी काही बोलत नाहीत. सगळं मध्यस्थामार्फत चालतं. आमचे मध्यस्थ वडिलांच्या ओळखीतले, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. तोंडावर नकार देणं वाईट दिसतं, म्हणून ते एकेक अडचण आणायचे, तीही गोड बोलून. आधी म्हणे पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवा. दाखवली. मग म्हणे मुलीला चष्मा आहे. मी लेन्स लावल्या, डोळे चुरचुरत राहिले तरी. दर वेळी वडील आमच्या शिरूरहून दौंडला आप्पांकडं उत्तर कळवायला जायचे, पडल्या चेहऱ्यानं परत यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे.

माझं डोकं फिरलं. पुढच्या खेपेला आप्पा आले तेव्हा मी सरळ बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. वडिलांना ते मुळीच आवडलं नाही.

"आप्पा, त्यांच्या मनात जे काय हाय, ते समदं एकदाच इचारून या," मी म्हणाले. "येकेक करून कवर चालायचं?"

आप्पा हसले, पण विचारून आले. तीन गोष्टी निघाल्या. लग्न दौंडलाच व्हावं. साखरपुड्याला आमच्याकडची मोजकीच माणसं यावीत. मुलीनं दुसऱ्या पाळीचं काम सोडावं. पहिल्या दोन्हींना वडिलांनी मान डोलावली. तिसरी माझी होती. फायली संध्याकाळीच यायच्या, त्यामुळं माझा प्रोग्राम दुसऱ्या पाळीतच चालायचा. तो मी एका सहकाऱ्याच्या हवाली केला आणि दिवसाचं, रिपोर्ट काढायचं काम मागून घेतलं. आता एकही अडचण उरली नव्हती.

महिन्याभरात नकार आला. वडील कारण विचारत राहिले आणि आप्पा 'योग नव्हता' एवढंच म्हणून उठले. ते गेल्यावर आई म्हणाली, "मला पैल्याच दिवशी, ती तुला बघाया आली तवाच कळलं हुतं. पोराच्या आईनं माझ्या हातनं पाणी घेतलं आन् तसंच खाली ठिवलं."

आईच्या हातांवर कोड आहे. ते कुणाला लागत नाही, हे त्या शिकल्यासवरल्या घरालाही माहीत असणारच. आप्पांनाही खरं कारण ठाऊक होतं. वाईट दिसू नये म्हणून त्यांनी ते आणलं नाही. मी मात्र त्यांनी आणलेल्या तीन गोष्टी निस्तरत बसले, हातातलं काम घालवून. त्या सगळ्यांचा मला अजून संताप येतो.

येत्या रविवारी दुसरं स्थळ बघायला येतंय. परवा आई शेजारच्या काकूंना सांगत होती, पाणी आणि पोहे तुम्हीच द्या. तू कुठं असणार, असं मी विचारलं.

"मी सकाळीच इनामगावला जाते, तुझ्या मावशीकडं," ती म्हणाली. "कुणी इचारलं तर सांग, बरं न्हाई म्हणून."

मी खूप भांडले. तू घरात नसशील तर मी त्यांच्यासमोर येणार नाही, असंही म्हणाले. मग वडिलांकडं बघितलं. आईसाठी इनामगावच्या एसटीची वेळ ते आदल्याच दिवशी डेपोत विचारून आले होते.