न्हाणीघराचा पडदा

आमच्या इमारतीत सुताराचं कुटुंब राहायला आलं आणि कुजबुज सुरू झाली की, त्याने घरातली आतली दारं विकून दारू ढोसली. आम्ही जिना चढेपर्यंत ही बातमी लिफ्टने वर पोचलेली असायची. दिवसभर लोकांच्या दारांना रंधा मारणाऱ्या माणसाच्या न्हाणीघराला मात्र नुसता पडदा होता. “हवा खेळती राहते हो,” असं त्याची बायको सांगे. शेजारणी मान डोलवत आणि आपापल्या घरी जाऊन फिदीफिदी हसत.

मुलगी वयात आली, तशी रोज अंघोळीवरून कुरबुर होऊ लागली. मैत्रिणींना घरी बोलवायचीही तिला लाज वाटे.

“बाबा, कडी नको, पण एक साधं दार तरी लावा,” ती म्हणाली. “मला काही होणार नाही.”

“पडदा जाड शिवून घेऊ.”

“मग मी मावशीकडे राहायला जाते.”

ती खरंच गेली. आई जिन्यापर्यंत समजावत गेली, बाप पडद्याच्या कड्या सारख्या करत राहिला.

त्याने दारं विकली नव्हती, राहायला आला त्याच दिवशी काढून टाकली होती. आधीच्या घरात थोरली मुलगी गॅस गिझरमुळे न्हाणीघरात गुदमरली. ते सागवानी दार त्यानेच घडवलं होतं. त्याला ते वेळेत फोडता आलं नाही.