किटलीचं नाक

धाकटीच्या हाताला एक खोड आहे. समोर जे दिसेल ते कागदावर उतरवायचं. चहाची किटली, गळका नळ, दोरीवरचे चिमटे, दाराची बिजागरी, फुटक्या कपाचा कान. लोक फुलं काढतात, पक्षी काढतात. ही झारा काढते. आणि काढते असा की उशीच्या खोळीवरचा तो झारा बायका बोट लावून बघतात, खरंच टांगलाय की काय म्हणून. अशी रेघ दुसऱ्या कुणाच्या हातात असेल तर दाखवा, आम्ही वाट बघतो.

सुरुवात झाली स्वयंपाकघरातल्या गंजक्या डब्यांपासून. डबे रंगवले, मग ट्रे, मग हात पुसायचे टॉवेल, मग टेबलावरचे रुमाल. शेजारणी आधी हसल्या, मग मागून न्यायला लागल्या. शेवटी तिनं आपल्या मालाला नाव दिलं, ‘हातची रेघ’, आणि प्रत्येक वस्तूच्या कोपऱ्यात तेवढी एक वाकडी रेघ काढायला लागली. नाव फिरवायचं काम दादाचं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. धंदा भिंतींना कागद लावायचा, पडदे टांगायचा. शाळेशी त्याचं फारसं जमलं नाही, पण भिंतीला कागद चिकटवता चिकटवता घरमालकाच्या गळ्यात चार खोळी मारून येणारा माणूस आहे तो. साधी गोष्ट नाही ही.

जागा मात्र दोघांची नव्हती. जागा आत्याची.

आत्या वर राहायची, एकटी. खालची पुढची खोली तिनं धाकटीला कामाला दिली होती, आणि देताना जिन्यात उभं राहून अटी सांगितल्या होत्या. रंगाचा वास वर येता कामा नये. मागच्या अंगणात चिंध्या दिसता कामा नयेत. आणि तिसरी अट, तीही आवाज खाली आणून: “माझी थट्टा चालणार नाही. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी कुलूप.”

तिसऱ्या अटीचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याचं नाक. लहानपणी कुणीतरी शाळेच्या भिंतीवर कोळशानं नुसतं नाक काढलं, खाली नाव लिहायचीही गरज पडली नाही. आत्या त्या शाळेत परत गेलीच नाही. तिच्याकडे आरसाही एकच, तळहाताएवढा, कुंकवाच्या टिकलीपुरता. समोरून कपाळ बघायचं आणि पालथा घालायचा.

तर झालं असं. कोपऱ्यावर घरसजावटीचं नवं दुकान उघडत होतं. दुकानवालीनं धाकटीचं ‘किटली आणि वेल’ हे डिझाइन बघितलं आणि जागच्या जागी म्हणाली, “मला हेच हवं. पडदे, उशा, पलंगपोस, सगळं.” दुकानाची पहिली खिडकी धाकटीच्या मालानं सजणार होती. धाकटी घरी येऊन नुसती बसून राहिली. दादानं तिच्या वतीनं गल्लीभर सांगून टाकलं.

कापड छापायला टाकलं, त्या दिवशी धाकटी तापानं पडली होती. म्हणून डिझाइनचा कागद घेऊन दादा गेला. आता कापडावरची छपाई म्हणजे एकच चौकट पुन्हा पुन्हा ठोकत जायची. चौकटीची एक कड दुसरीच्या कडेला भिडते तो जोड. धाकटीनं जोड सरळ काढला होता. पण भिंतीचा कागद लावणारे लोक दुसरी पट्टी अर्धी खाली सरकवून लावतात, म्हणजे चित्रं कवायतीला उभी केल्यासारखी दिसत नाहीत. दादाला ही विद्या तोंडपाठ.

“ताईंनी सरळ सांगितलंय,” छपाईवाला म्हणाला.

“मी ताईंचा मोठा भाऊ आहे. भिंती कोण सजवतं, ती का मी? अर्धा सरकव.”

“कडा जुळतील ना?”

“अरे, जुळतील म्हणजे काय, बोलायला लागतील!”

तागे खोलीत आले. खोली एवढीशी, मागे सरकायला जागा नाही. जवळून बघितलं तर जोड कुठं कळतही नव्हता. किटलीची तोटी वेलीत शिरलेली, वेल झाकणावर चढलेली. रंग तर असे उतरले होते की धाकटीनं दादाच्या सरकवण्यावर रागवायचं तेवढं रागवून घेतलं आणि मग कात्री हातात घेतली. पडदे शिवून झाले. इस्त्रीआधी वारा लागावा म्हणून दादानं मोठा पडदा अंगणातल्या दोरीवर टाकला आणि दोघं फाटकापाशी जाऊन उभी राहिली, लांबून कसा दिसतो ते बघायला.

धाकटीच्या हातातला चिमटा खाली पडला.

“दादा.”

“काय फक्कड दिसतोय!”

“दादा, नीट बघ. किटली नको बघू. किटल्यांच्या मधे बघ.”

दादानं डोळे बारीक केले. मग मोठे केले. 

पडद्यावर आत्या होती. एका बाजूनं. किटलीची वाकडी तोटी म्हणजे तिचं नाक, वरून खाली आलेलं. त्यावर अर्धं पान, म्हणजे तिचा तो जड पापणीचा डोळा. झाकणाची गोळी म्हणजे मागचा अंबाडा. वेलीला लावलेला चिमटा म्हणजे घट्ट मिटलेले ओठ. आणि तोटीतून गळणारा थेंब, अगदी मोजून मापून, हनुवटीवरच्या तिळाच्या जागी. एक आत्या नव्हे. पडदाभर आत्या. रांगेनं, अर्ध्या अर्ध्या खाली सरकलेल्या.

“हे तू काढलंस?” दादा कुजबुजला.

“मी किटली काढली रे! शपथ!”

“मग ही कुठून आली?”

“तू सरकवलंस ना!”

“मी सरकवलं म्हणून आत्या येते होय? मी आयुष्यभर सरकवतोय, कुणाच्या भिंतीवर कुणाची आत्या आली नाही!”

धाकटीला आता सगळं उमजत होतं. कामाच्या टेबलावरून दार दिसतं, दारातून जिना, आणि जिन्यावर रोज आत्या भाजी निवडत बसते, एका बाजूनं. डोळ्यांना सवय झाली आणि हातानं तिचे तुकडे करून डिझाइनभर पेरले. तोटीचा बाक कुठून आला, पान असंच झुकलेलं का, हे तिनं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. दादानं सरकवलं आणि तुकडे एकत्र आले.

आणि हे पडदे लागणार होते कोपऱ्यावर. आत्याच्या रोजच्या वाटेवर.

“काढ. आधी खाली काढ,” ती म्हणाली. “बघितलं तर खोली गेली. खोली गेली तर मी काम कुठं करू, तुझ्या डोक्यावर?”

दादा दोरीकडे धावला. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

आत्या अंगणात आली ती टोपली घेऊन, तोंडात “हे काय गं, दोरी एवढी कशाला ताणली” असं काहीतरी. वाक्य अर्धंच राहिलं. टोपली खाली ठेवायची सोडून तिनं ती छातीशी धरली. दादा पडद्याचं एक टोक हातात घेऊन पुतळ्यासारखा उभा. धाकटीनं डोळे मिटले. आता कुलूप, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

“आई,” आत्या म्हणाली.

धाकटीनं डोळे उघडले.

“ही माझी आई आहे.” आत्याचा आवाज ओळखू येत नव्हता. “अगं, तू तर तिला बघितलंही नाहीस. तिचा फोटो नाही घरात, काढलाच नाही कुणी. मी इतकी वर्षं डोळे मिटून तिचा चेहरा आणायला बघते, येत नाही. तुला कुठून सापडली?”

 दादा आधी हलला, कारण गप्प राहणं त्याला जमत नाही. “मुद्दाम काढलंय, आत्या. तुझ्यासाठी. आपली धाकटी म्हणजे…”

“खोटं बोलतोय तो,” धाकटी म्हणाली. “मी कुणालाच काढलं नाही. किटली काढली. जोड सरकला आणि झालं.”

पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं: आणि ही तुझी आई नाही, तू आहेस. तिनं ते गिळलं. एका बाजूनं आपण कशा दिसतो, हे आत्याला ठाऊकच नव्हतं. त्या तळहाताएवढ्या आरशात बाजू मावत नाही.

“तीळसुद्धा,” आत्या पडद्याजवळ जाऊन म्हणाली. “मला तिच्याकडूनच आलाय.” मग मागं वळली ती एकदम नेहमीची आत्या होऊन. “हे दुकानात लागणार?”

“हो.”

“पडदे लागू देत. वाऱ्यावर राहील, उजेड बघेल. पण उशा नाहीत आणि पलंगपोस नाही. माझ्या आईवर येणारा-जाणारा बसणार? बसलं कुणी तर खोलीला कुलूप. ऐकलंस?”

ऐकलं. दुकानवालीला निरोप देताना दादानंही पहिल्यांदाच कमी शब्द वापरले. ती चक्रावली. “अहो, पडदे देता आणि उशा देत नाही? काय, कापडात भूत आहे का?” दादा म्हणाला, “तसंच समजा.” दुकानवालीनं तोंड वाकडं केलं. खिडकी अर्धी रिकामी राहणार असेल तर दुसऱ्या कुणाचा माल घेते, म्हणाली; पडदे लावून बघू आणि मग ठरवू.

पडदे लावायच्या दिवशी आत्याही आली, चांगली साडी नेसून. दादा शिडीवर. पडदा दादानं टांगावा, चुणी कशी पडते ते बघायला लोक थांबतात. आत्या दुकानात मागं मागं सरकत होती, आईला लांबून बघायला. सरकत सरकत ती विक्रीच्या शृंगारमेजाला टेकली. तीन झडपांचा आरसा, माणसाएवढा. एक झडप आतल्या बाजूला अर्धी दुमडलेली.

धाकटीच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता.

आत्यानं मान वळवली. दुमडलेल्या झडपेत एक बाई एका बाजूनं उभी होती. आत्या दचकली, वाट द्यायला बाजूला झाली. ती बाईही झाली. आत्यानं नाकाला बोट लावलं. तिकडेही बोट लागलं. मग तिनं पडद्याकडे बघितलं, आरशाकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. 

“अगं बाई,” ती म्हणाली. “ही तर मी.”

 दादा शिडीवर, तोंडात दोन हुक, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता.

“तुला माहीत होतं?” आत्यानं विचारलं.

धाकटीला खोटं बोलता आलं असतं. “हो,” ती म्हणाली. “अंगणात बघितलं तेव्हाच.”

“आणि गप्प बसलीस.”

“खोली जाईल म्हणून. थट्टा नव्हती, आत्या. तू जिन्यावर बसतेस ना, ते हातात उतरलं.”

 आत्यानं आरशाची दुसरी झडपही हळूच दुमडली आणि दुसरी बाजू बघितली. मग पहिली पुन्हा. नाकावरून बोट फिरवलं, वरून खाली, टोकापर्यंत, जणू दुसऱ्या कुणाच्या नाकावरून. धाकटी किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघत होती. ते आत्याच्या कमरेलाच होतं.

“म्हणजे मी तिला विसरले नव्हते,” आत्या शेवटी म्हणाली. “घेऊन फिरत होते.”

मग डोळे पुसून ती दुकानवालीकडे वळली. “बाई, तुम्हाला उशा हव्या होत्या ना?”

“हव्या होत्या, पण तुम्हीच म्हणालात…”

“ते आई होती तोवर.” आत्यानं पदर सावरला. “माझ्यावर बसलं कुणी तर बसू दे. फक्त नाकावर नीट बसा म्हणावं, टोचेल.”

शिडीवरून दोन हुक खाली पडले.