एकाच मूर्तीची उंची

पेणजवळ हमरापूरला आईच्या मैत्रिणीचा गणपतीचा कारखाना आहे. मी तिला मावशी म्हणते. यंदा ऑर्डर घेण्यासाठी तिला वेबसाइट मी करून दिली, रोह्याला घरी बसून. आणि मावशीचे फोन सुरू झाले.

"अगो, उंचीच नाय येत. नाव येतं, गाव येतं, उंचीची जागा कोरी."

मी दोन मूर्ती निवडून फॉर्म पाठवला, तीन निवडून पाठवला. उंची व्यवस्थित. "मावशी, लोकच भरत नसतील."

"सगली लोकं काय आंधली हायत?"

मी नेटला दोष दिला, लोकांच्या जुन्या मोबाइलना दिला, चांगला चाललेला कोड उगाच उसकटून पुन्हा लिहिला. तेवढ्यात उंची विचारायला केलेला फोन कोलाडच्या एका घराने उचलला नाही म्हणून मावशीने अंदाजाने दीड फुटाची मूर्ती रंगवली. ते न्यायला आले आणि, "आमच्या मखरात बसायची नाही ही," म्हणून निघून गेले.

मी पेणची एसटी धरली.

"माझ्यासमोर तूच भर," मी म्हटलं. मावशीने हाताचा रंग पुसला, एक मूर्ती निवडली, उंची टाकली, पाठवलं. उंची कोरी.

एक! घरगुती गणपतीला कोण दोन मूर्ती घेतं?

निवडलेल्या प्रत्येक मूर्तीसाठी फॉर्मवर उंचीची एक चौकट उघडायची, आणि त्या सगळ्या चौकटींना मी एकच नाव दिलं होतं. जावास्क्रिप्टमध्ये फॉर्मकडे त्या नावाने चौकट मागितली, की अनेक असतील तर यादी मिळते. एकच असेल तर यादी नाही, नुसती ती चौकट. माझा कोड आधी 'किती आहेत?' विचारायचा. एकट्या चौकटीकडे या प्रश्नाला उत्तरच नव्हतं, म्हणून कोड काही न वाचता पुढे जायचा. चूक झाली असं सांगायचाही नाही. याचाच मला जास्त राग आला.

त्या नावाच्या सगळ्या चौकटी फॉर्मऐवजी पानाकडे मागितल्या, तर एक असली तरी यादीच मिळते. उलट्या बादलीवर बसून मी ती ओळ बदलली.

"झालं?"

"झालं."

"इतकंच व्हतं?"

मावशीने कोऱ्या ऑर्डरी काढून फोन माझ्या हातात दिला आणि ती पुन्हा रंगकामाला बसली. दुपारभर मी एकेकाला उंची विचारत होते. काहींनी सांगितली, काहींनी जाहिरातीचा फोन समजून कापला. कोलाडवाल्यांनी मूर्ती दुसरीकडे घेतली होती.